घर आणि कायदा : नदीचा अ. पा. क. कोण ?

या सदराकडे येणारीं पत्रें बहुतकरून वांटणीचीं असतात. सामाईक जिना कोणाचा, माडीवरची खोली कोणाच्या वांट्याची, मृत्युपत्रावर दोन साक्षी पुरेत कीं नाहीं, असल्या प्रश्नांना उत्तरें देतां देतां आमचे महिने जातात. गेल्या महिन्यांत मात्र एका भगिनीचें असें पत्र आलें कीं, त्यांतील खरा पक्षकार घरांत राहत नाहीं, बोलत नाहीं, आणि त्यानें आम्हांस कांहीं विचारलेंहि नाहीं. तो पक्षकार म्हणजे घरामागून वाहणारी नदी.

पत्राचा मतलब असा. कृष्णाकांठच्या एका तालुक्याच्या गांवीं या भगिनीच्या सासरचा वाडा आहे. घरांत लहानमोठीं सतरा माणसें आहेत. आजेसासऱ्यांनीं वाडा बांधला तेव्हांपासून न्हाणीघराची व स्वयंपाकघराची मोरी मागल्या दारानें नदीच्या पात्रांत जाते. पुढें घरांत संडास आले आणि त्यांचेंहि पाणी त्याच नळांतून सोडण्यांत आलें. आतां पुढल्या रस्त्यानें नगरपालिकेचें भुयारी गटार आलें आहे. त्यास जोडून घ्यावयाचें तर अंगणाची फरशी उकरावी लागेल, तुळशीवृंदावन हलवावें लागेल, आणि लाखभर रुपये खर्च येईल. घराचे कर्ते म्हणजे वडील दीर. त्यांना घरांत सारे अण्णा म्हणतात. अण्णांचें म्हणणें असें : "साठांहून अधिक वर्षांची ही वहिवाट आहे. कोणाची हरकत नाहीं, कोणाची फिर्याद नाहीं. मग उगाच खर्चांत कां पडावें ?"

यावर सासूबाई फक्त एकच वाक्य बोलल्या. कृष्णाबाईच्या उत्सवाची तयारी चालली होती. ओटीचें सामान ताटांत लावतां लावतां त्या म्हणाल्या, "समोरून ओटी भरायची आणि पाठीमागून मोरी सोडायची, ही कसली ग पूजा ?" अण्णा उठून बाहेर गेले. त्या दिवसापासून घरांत हा विषय कोणी काढीत नाहीं. परंतु तो मिटलाहि नाहीं.

या भगिनीनें आम्हांस तीन प्रश्न विचारले आहेत. इतक्या वर्षांच्या वहिवाटीनें घाण सोडण्याचा हक्क मिळतो काय ? नदीचा स्वतःचा असा कांहीं हक्क कायद्यांत आहे काय ? आणि असल्यास तिच्या वतीनें बोलावयाचें कोणी ? शेवटीं त्या लिहितात, "सुनेनें वडील दिरांपुढें बोलावें कीं न बोलावें, हें मी आपणांस विचारीत नाहीं. तें माझें मी पाहीन. कायदा काय आहे तेवढें सांगावें." हा पत्राचा स्पष्टपणा आम्हांस आवडला. तितक्याच स्पष्टपणें उत्तर देण्याचा येथें प्रयत्न करतों.

पहिला प्रश्न वहिवाटीचा. आपल्याकडे हा विषय १८८२ सालच्या ईझमेंट कायद्यांत आला आहे. मुंबई इलाख्यास तो १८९१ सालीं लागू झाला. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा, पाणी नेण्याचा किंवा उजेड घेण्याचा हक्क जर कोणी उघडपणें, शांततेनें, हक्कानें आणि खंड न पडतां २० वर्षें भोगला, तर तो कायम होतो. सरकारी मालमत्तेपुरती ही मुदत ३० वर्षांची आहे. अण्णांच्या म्हणण्यास आधार आहे तो इतकाच. वाचकांस कदाचित् नवल वाटेल, पण पाणी दूषित करण्याचा हक्कहि अशा वहिवाटीनें मिळूं शकतो ही कल्पना त्या कायद्याच्या २८ व्या कलमांत खरोखरच गृहीत धरलेली आहे. मात्र त्याच कलमानें तिला मर्यादा घातली आहे. ज्या काळापासून वहिवाट मोजावयाची, त्या काळाच्या आरंभीं जेवढें दूषण होतें, तेवढ्यापुरताच हक्क. आजेसासऱ्यांच्या वेळीं त्या मोरीतून काय जात होतें ? चार माणसांच्या स्नानाचें पाणी आणि राखेनें घासलेल्या भांड्यांचें धुवण. आज सतरा माणसांचे साबण, कपडे धुण्याच्या पावडरी आणि संडास यांचें पाणी त्याच नळांतून जातें. आजोबांच्या वहिवाटीची चादर नातवंडांच्या घाणीवर पुरणार नाहीं.

याहून मोठी अडचण पुढेंच आहे. ईझमेंट हा दोन खाजगी मालकांमधला व्यवहार होय. जें कृत्य सर्व लोकांना उपद्रव देतें, तें कितीहि वर्षें चाललें तरी काळाच्या ओघानें कायदेशीर होत नाहीं, हें तत्त्व फार जुनें आहे. शिवाय प्रत्यक्ष कायद्यानेंच आतां ही वाट बंद केली आहे. महाराष्ट्रानें जलप्रदूषणास आळा घालण्यासाठीं १९६९ सालींच स्वतःचा कायदा केला आणि पुढल्या वर्षीं त्यासाठीं मंडळ नेमलें. सबंध देशासाठीं १९७४ सालीं पार्लमेंटचा कायदा झाला. महाराष्ट्रानें तोहि मागाहून स्वीकारला. त्याच्या २४ व्या कलमाप्रमाणें कोणाहि माणसानें जाणूनबुजून दूषित पदार्थ प्रवाहांत सोडूं नये किंवा सोडूं देऊं नये. 'कोणाहि माणसानें' हे शब्द ध्यानांत घ्यावेत. कारखानदारानेंच तेवढें सोडूं नये असा त्यांचा अर्थ नाहीं. तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर : अण्णांची वहिवाट आहे, हक्क मात्र नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. तोच आमच्या मतें या पत्राचा गाभा आहे. १८८२ चा कायदा नीट वाचला तर एक गोष्ट लक्षांत येते. आपल्या जमिनीजवळून वाहणारें पाणी वरच्या लोकांनीं गैरवाजवी रीतीनें दूषित करूं नये, हा कांठच्या मालकाचा नैसर्गिक हक्क आहे, असें त्यांत ७ व्या कलमाखालीं सांगितलें आहे. हक्क आहे तो मालकाचा. त्यानें तक्रार केली तर कोर्ट ऐकेल. तो झोंपला, भ्याला किंवा स्वतःच मोरी सोडून बसला, तर विषय संपला. या हिशेबांत नदीचा कांठ आहे, कांठचा मालक आहे, त्याचें नुकसान आहे. फक्त नदी नाहीं.

परंतु मनुष्य नसलेल्या वस्तूस कायद्यानें व्यक्ति मानणें ही कल्पना आपल्या घरांत नवी नाहीं. देवस्थानच्या जमिनीचा सातबारा ज्यांनीं पाहिला आहे त्यांनीं त्यावर मालक म्हणून देवाचेंच नांव पाहिलें असेल. देव ही कायद्याच्या दृष्टीनें एक व्यक्ति आहे. तो मालमत्ता धारण करतो, दावा लावतो, त्याच्यावर दावा लागतो. मात्र तो स्वतः बोलूं शकत नाहीं, म्हणून त्याला कायमचा अज्ञान समजतात. आपल्या जुन्या दस्तऐवजांत लहान मुलाच्या नांवापुढें 'अ. पा. क. आई अमुक' असें लिहिलेलें असतें. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. देवाचा अ. पा. क. म्हणजे त्याचा पुजारी, वहिवाटदार किंवा विश्वस्त.

आणि जेव्हां हा वहिवाटदारच स्वार्थी निघतो तेव्हां ? या प्रश्नाचें उत्तर १९२५ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें दिलें. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यांत कुलदेवतेची सेवा वारसांकडे पाळीपाळीनें येत असे. आपल्या पाळीच्या वेळीं मूर्ति आपल्या घरीं नेण्याचा हक्क एका वारसानें सांगितला आणि तंटा झाला. वांटणीचे तंटे पाहिलेल्या कोणासहि हें चित्र ओळखीचें वाटेल. प्रिव्ही कौन्सिलनें सांगितलें कीं, देवता म्हणजे या खोलींतून त्या खोलींत हलविण्याचें सामान नव्हे. तिला स्वतःचें हित आहे, आणि भांडणाऱ्या वारसांपैकीं कोणाच्याहि मुखानें न बोलतां, ज्याचा त्यांत स्वार्थ नाहीं अशा वादमित्राच्या मुखानें तें हित कोर्टापुढें यावें. जो अज्ञान आहे त्याच्यासाठीं पालक हवा, आणि पालकाचा स्वार्थ आड येत असेल तर निःस्वार्थी वादमित्र हवा, हीं दोन सूत्रें वाचकांनीं मनांत धरून ठेवावींत. नदीच्या कायद्याचें सारें मर्म त्यांत आहे.

नदीस अशी व्यक्ति मानण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग आपल्यापासून फार दूर, न्यूझीलंडमध्यें झाला. तेथील उत्तर बेटांत वांगानुई नांवाची २९० किलोमीटर लांबीची नदी आहे. तिच्या कांठच्या माओरी लोकांची श्रद्धा अशी कीं, नदी आणि आपण एकच. नदी आपली मालमत्ता नव्हे, आपणच तिचे. सरकारनें नदीचें पात्र आपल्या ताब्यांत घेतल्यापासून हे लोक अर्ज, दावे आणि चौकशा करीत आले. हें भांडण एकोणिसाव्या शतकापासून चाललें होतें. अखेर २०१७ सालीं पार्लमेंटनें कायदा केला : डोंगरापासून समुद्रापर्यंतची सारी नदी, तिच्या उपनद्यांसह, एक अविभाज्य आणि सजीव अशी व्यक्ति आहे. पात्राचा जो भाग सरकारच्या मालकीचा होता तो सरकारनें नदीच्याच नांवें करून दिला. तिच्या वतीनें बोलण्यासाठीं दोन माणसें नेमण्याची योजना केली, एक सरकारनें सुचविलेला आणि एक माओरी लोकांनीं. नदीच्या आरोग्यासाठीं ३ कोटी डॉलरांचा निधीहि ठेवला. म्हणजे नदीस नांव मिळालें, पालक मिळाले आणि पालकांच्या हातीं खर्चास पैसाहि आला.

या कायद्यास राजसंमति मिळाली ती तारीख २० मार्च २०१७. योगायोग असा कीं, नेमक्या त्याच दिवशीं नैनितालच्या उत्तराखंड हायकोर्टानें गंगा आणि यमुना या नद्या कायद्यानें व्यक्ति आहेत असा निकाल दिला. देवतेस व्यक्ति मानणारे जुने निकाल त्या कोर्टानें आधारास घेतले होते. ही बातमी ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना धन्यता वाटली असेल. स्नानाच्या वेळीं सात नद्यांना तांब्यांत बोलावणाऱ्या आपल्या समाजास, कायद्यानें एकदांची आपली श्रद्धा ओळखली, असें वाटणें स्वाभाविक होतें.

तीं दिवाळी चार महिनेहि टिकली नाहीं. ७ जुलै २०१७ रोजीं सुप्रीम कोर्टानें त्या निकालास स्थगिति दिली. विशेष हें कीं, स्थगिति मागण्यास गेलें होतें तें खुद्द उत्तराखंडाचें सरकार. त्याच्या अडचणी पोकळ नव्हत्या. गंगा पांच राज्यांतून वाहते. एका राज्याच्या मुख्य सचिवानें पांच राज्यांतील नदीचें पालकत्व कसें करावें? आणि नदी जर व्यक्ति, तर पुरानें ज्यांचीं घरें वाहून गेलीं त्यांनीं नदीवर दावा लावल्यास भरपाई द्यावयाची कोणी ?

आमच्या अल्प मतीप्रमाणें खरी उणीव आणखी निराळी होती. हायकोर्टानें नदीचे पालक म्हणून नेमले ते नमामि गंगेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. तिघेहि सरकारचे. नदींत गटारें सोडणाऱ्या नगरपालिकांना आवरावयाचें, कांठावर बांधकामांना परवानगी द्यावयाची किंवा नाकारावयाची, हें काम ज्या सरकारचें, त्याचेच अधिकारी नदीच्या वतीनें त्या सरकारपुढें दाद मागणार ! वांटणीच्या दाव्यांत अज्ञान पुतण्याचा पालक म्हणून प्रतिवादी काकासच नेमावें, तसा हा प्रकार झाला. काका वाईट असतील असें नव्हे. पण १९२५ सालीं सांगितलेलें दुसरें सूत्र येथें सुटलें. वांगानुईस नदीवर जीव असलेला पालक मिळाला. गंगेस नांव मिळालें आणि पालक कागदावरचे मिळाले.

तर मग आपल्याकडे नद्यांचें रक्षण कोर्टांतून झालेंच नाहीं काय ? झालें, आणि जें झालें तें नदीस व्यक्ति न म्हणतांच झालें. १९८५ सालीं एम. सी. मेहता या वकिलांनीं गंगेच्या दूषणाविरुद्ध सुप्रीम कोर्टांत अर्ज केला. पुढें कानपूरच्या कातडीं कमावणाऱ्या कारखान्यांना, सांडपाण्याची प्राथमिक शुद्धि करा नाहीं तर कारखाना बंद करा, असा हुकूम १९८७ सालीं झाला. कानपूरच्या नगरपालिकेविरुद्धचा निकाल जानेवारी १९८८ मध्यें आला. त्यांत एक लहानसा मुद्दा आहे. मेहतांची गंगाकांठीं जमीन नव्हती. १८८२ च्या कायद्याच्या हिशेबानें ते कोणीच नव्हते. तरीहि कोर्टानें म्हटलें कीं, त्या नदीचें पाणी वापरणाऱ्या लोकांच्या जीविताची चिंता वाहणारा माणूस म्हणून त्यांस दाद मागण्याचा अधिकार आहे. येथें नदीस तिचा वादमित्र मिळाला. तें काम सोपें ठरलें असें मात्र कोणी समजूं नये. गंगेचें हें प्रकरण पुढें तीन दशकें चाललें आणि मग हरित न्यायाधिकरणाकडे सोंपविलें गेलें.

याच्या उलट एक उदाहरण १९९१ सालचें आहे. बिहारांतील एका गृहस्थानें, बोकारो नदींत कोळसा धुण्याच्या कारखान्यांचा गाळ जातो, तो थांबवावा असा अर्ज केला. सुप्रीम कोर्टानें त्या निकालांत फार मोलाचें तत्त्व सांगितलें : दूषणरहित पाणी आणि हवा यांचा उपभोग हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग होय. परंतु अर्ज मात्र फेटाळला आणि अर्जदारावर ५,००० रुपये खर्च बसविला. कारण हा गृहस्थ तोच गाळ विकत घेणारा होता आणि त्याला तो अधिक हवा होता. नदीचें नांव पुढें करून तो स्वतःचें भांडण भांडत होता. मेहतांचा आणि या गृहस्थाचा अर्ज वरवर पाहतां एकाच जातीचा होता. फरक होता तो स्वार्थाचा.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर असें. नदीचा वादमित्र कोणीहि होऊं शकतो. मात्र त्याचा तिच्यांत स्वतःचा मतलब नसावा. १९७४ च्या कायद्याखालीं आरंभीं फक्त प्रदूषण मंडळासच फौजदारी फिर्याद करतां येत असे. १९८८ च्या दुरुस्तीनें हें दार उघडलें आणि साठ दिवसांची नोटीस देऊन कोणाहि नागरिकास फिर्यादीस जाण्याची मुभा मिळाली. २०१० च्या कायद्यानें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झालें. त्याचें पश्चिम विभागाचें पीठ पुण्यासच बसतें. आणि ज्यांस कोर्टाची पायरी चढावयाची नाहीं त्यांनींहि राज्यघटनेचें ५१ अ हें कलम एकदां वाचावें. १९७६ पासून नद्यांचें रक्षण करणें हें प्रत्येक नागरिकाचें कर्तव्य म्हणून त्यांत लिहिलेलें आहे. कर्तव्यास वहिवाटीची मुदत लागत नाहीं.

हें उत्तर आम्ही छापण्यापूर्वीं त्या भगिनीस टपालानें पाठविलें. पंधरा दिवसांनीं उलट पत्र आलें, तें मात्र अण्णांचें. आम्ही जरा भीत भीतच तें उघडलें. अण्णांनीं रागावून लिहिलें नव्हतें. त्यांनीं लिहिलें होतें : "आपलें उत्तर घरांत मोठ्यानें वाचून दाखविण्यांत आलें. वहिवाटीचा मुद्दा मीं सोडला. परंतु एक विचारतों. मी लाख रुपये घालून ज्या भुयारी गटारास मोरी जोडणार, तें गटार आमच्या घरापासून दोनशे पावलांवर घाटाखालीं जसेंच्या तसें नदींत पडतें. शुद्धीकरणाचें यंत्र अजून उभें राहिलेलें नाहीं. मग माझे लाख रुपये नदीच्या कोणत्या कामीं आले ? मोरी बंद केल्याचें समाधान मिळवावयाचें, एवढेंच ना ?"

हा प्रश्न आडमुठेपणाचा नाहीं. तो खरा आहे, आणि एका गांवापुरताहि नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालाप्रमाणें देशांतील शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होतें. त्यासाठीं उभारलेल्या यंत्रांची शक्ति ३१,८४१ दशलक्ष लिटरांची होती, आणि प्रत्यक्षांत शुद्ध होत होतें तें केवळ २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे दहा घागरींतील सात घागरी जशाच्या तशाच ओतल्या जात होत्या. असें असतां एका वाड्याच्या मोरीची काय कथा, असें अण्णांस वाटलें तर त्यांस दोष कसा द्यावा ?

तरीहि अण्णांस आमचें सांगणें आहे. नगरपालिका हा कांहीं कायद्यापलीकडचा कोणी नव्हे. मध्यप्रदेशांतील रतलाम शहराच्या एका वस्तींत उघडीं गटारें, घाण आणि दुर्गंधि यांनीं रहिवाशांचे हाल होत होते. तेथील साध्या रहिवाशांनीं मॅजिस्ट्रेटपुढें अर्ज केला. नगरपालिका सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि म्हणाली, आमच्याजवळ पैसा नाहीं. १९८० सालीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं तो बचाव नाकारला; लोकांच्या आरोग्याचें जें मूळ कर्तव्य आहे तें पैशाच्या अभावाच्या सबबीवर टाळतां येत नाहीं, असा त्या निकालाचा सारांश आहे. ज्या कलमाखालीं रतलामकरांनीं अर्ज केला तें त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचें १३३ वें कलम होतें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेंत तीच तरतूद १५२ व्या कलमांत आहे. फेब्रुवारी २०१७ मध्येंहि सुप्रीम कोर्टानें स्थानिक संस्थांना मैलापाण्याचीं शुद्धीकरण यंत्रें तीन वर्षांत उभारण्यास फर्माविलें होतें. तीन वर्षें केव्हांच उलटलीं. परंतु तो हुकूम हातांत घेऊन दाराशीं येणारा माणूस असेल तेथेंच त्याचा उपयोग होतो.

दुसरें असें कीं, कायद्याचा धाक दिवसेंदिवस वाढतच जाईल अशा भरंवशावर बसण्यासारखी स्थिति नाहीं. १९७४ च्या कायद्यास २०२४ सालीं दुरुस्ती झाली. ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेश यांस लागू करण्यांत आली, व इतर राज्यांस ठराव करून ती स्वीकारण्याची मोकळीक राहिली. तिनें अनेक अपराधांची कैद काढून त्याऐवजीं १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. लहानसहान चुकांसाठीं माणसास तुरुंग दाखवूं नये हें एका परीनें योग्यहि असेल. पण ज्याला दंड परवडतो त्याच्या बाबतींत तो दंड राहत नाहीं, भाडें होतें. अशा वेळीं नदीजवळ उभ्या राहणाऱ्या माणसांची गरज अधिकच आहे.

आतां अण्णांच्या नेमक्या प्रश्नाकडे येतों : मग लाख रुपये कशास घालावयाचे ? न्यायाचा एक जुना नियम आहे कीं, न्याय मागण्यास येणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत. अण्णांनीं उद्यां घाटाखालच्या गटाराविरुद्ध अर्ज केला, तर नगरपालिकेचा वकील पहिलाच प्रश्न विचारील कीं, महाराज, आपली मोरी कोठें जाते ? तेव्हां मोरी बंद करण्याचा खर्च हा नदी शुद्ध करण्याचा खर्च नव्हे, ही गोष्ट खरी आहे. तो नदीचा वादमित्र होण्याची पात्रता मिळविण्याचा खर्च आहे. आज त्या गल्लींतील प्रत्येक घर नगरपालिकेकडे बोट दाखवितें, आणि नगरपालिका गल्लीकडे. दोघांचें म्हणणें खरें आहे, म्हणूनच दोघेहि स्वस्थ बसले आहेत. हें कोडें सोडविण्यास कोणी तरी एकानें प्रथम आपली मोरी बंद करावी लागेल.

आणि तो कर्ता पुरुषच असावा हें उचित होय. एकत्र कुटुंबाचा कर्ता वडिलार्जित मिळकतीचा मालक नसतो. कुटुंबाची गरज किंवा मिळकतीचें हित यांवांचून त्याला ती विकतां येत नाहीं, कारण तींत पुढल्यांचाहि वांटा असतो. नदीविषयीं सुप्रीम कोर्टानें नेमकी हीच भूमिका घेतली आहे. हिमाचलांत बियास नदीच्या कांठीं एका होटेलाच्या बचावासाठीं यंत्रें लावून नदीचा प्रवाहच वळविण्यांत आला होता. डिसेंबर १९९६ मध्यें त्या प्रकरणांत कोर्टानें सांगितलें कीं, नद्या, किनारे, जंगलें यांचें सरकार मालक नसून विश्वस्त आहे. लोकांच्या उपभोगाची ही ठेव त्यास खाजगी फायद्यासाठीं देऊन टाकतां येत नाहीं. होटेलास दिलेला त्या जमिनीचा पट्टा रद्द झाला. सरकार जर सबंध देशाच्या नद्यांचा कर्ता, तर घरामागच्या शंभर हात कांठाचे कर्ते कोण, हें अण्णांस आम्हीं सांगण्याची गरज नाहीं.

शास्त्राचा आधार पाहावयाचा तर पाण्यांत मलमूत्र व घाण टाकूं नये हा निषेध मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत आहे. तो न पाळण्यास आपणांस कोणत्याहि कायद्यानें भाग पाडलें नव्हतें. ही मोरी कोण्या परक्या सरकारनें सोडली नाहीं. आपल्याच वाडवडिलांनीं सोयीसाठीं सोडली, आणि आपण ती सोयीसाठीं चालूं ठेवली. नदीस आई म्हणण्यांत आपला समाज कोणास हार जाणार नाहीं. परंतु कोर्टाच्या कागदावर 'आई' या शब्दास किंमत येते ती त्यामागें 'अ. पा. क.' हीं अक्षरें आणि एकाद्याची सही असते तेव्हां.

म्हणून आमची सूचना थोडक्यांत अशी. पावसाळ्यापूर्वीं मोरी जोडून घ्यावी. जोडणीची पावती जपून ठेवावी. गल्लींतील शेजाऱ्यांस ती दाखवावी आणि जे जोडणी करून घेतील त्यांच्या सह्या घ्याव्यात. घाटाखालच्या गटाराची तारखेसह छायाचित्रें काढावींत आणि तेथील पाणी तपासून घ्यावें. त्यानंतर नगरपालिकेस आणि प्रदूषण मंडळास लेखी अर्ज द्यावा, पोंच घ्यावी, व वाजवी मुदतींत कांहीं न झाल्यास पुण्याच्या पीठाकडे किंवा मॅजिस्ट्रेटाकडे जावें. अर्जावर पहिली सही अण्णांची असावी. ते गांवांत वडीलधारे आहेत, आणि हरकतीचे सर्व मुद्दे त्यांना अगोदरच पाठ आहेत. वादमित्रास याहून चांगली तयारी कोणती?

हा लेख छापावयास जात असतां त्या भगिनीचें दोन ओळींचें पत्र आलें. तुळशीवृंदावन दक्षिणेकडे चार हात सरकविलें आहे आणि अंगण उकरण्यास सुरुवात झाली आहे. फरशीचे तुकडे पडवींत नीट रचून ठेवावेत म्हणून अण्णा सकाळपासून गवंड्यापाशीं उभे आहेत. सासूबाईंनीं यंदाची ओटी मात्र अजून भरली नाहीं. त्या म्हणाल्या आहेत, आधीं नळ बुजूं दे.